अठरा वर्षे पूर्ण. पण उंबरठा कुणाच्या ताब्यात?

या देशात अठरा वर्षे पूर्ण झालेला माणूस सरकार निवडतो. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले आणि २८ मार्च १९८९ पासून ते अमलात आले. तेव्हापासून प्रत्येक पक्षाला अठरा वर्षांच्या पोरापोरींची मते हवी असतात. त्यांच्यासाठी मेळावे होतात, त्यांच्या हातात झेंडे दिले जातात, त्यांच्या बोटाला शाई लागली की लोकशाही धन्य झाली असे सांगितले जाते. पण त्याच अठरा वर्षांच्या मुलीने 'मला शिकायला पुण्याला जायचे आहे', 'मला हे स्थळ नको' किंवा 'मी या घरात राहणार नाही' एवढे एक वाक्य उच्चारले की बाप, भाऊ, चुलते, भावकी आणि गावातले चार प्रतिष्ठित एका सुरात विचारतात, 'तुला काय कळतं?' देश कुणाच्या हाती द्यावा हे तिला कळते, स्वतःचे आयुष्य कुणाच्या हाती द्यावे हे मात्र कळत नाही!

या विसंगतीकडे घरगुती कटकट म्हणून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. ती घरगुती कटकट नाही. माणूस कितव्या वर्षी सज्ञान होतो आणि कितव्या वर्षी त्याने घराबाहेर पाऊल टाकावे, हा वरवर पाहता आकड्याचा प्रश्न आहे. खोलात गेले तर तो जातीचा प्रश्न आहे. म्हणून तो चळवळीचा प्रश्न आहे, असे आमचे म्हणणे आहे.

कायदा काय सांगतो?

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला 'अज्ञान' आणि अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीला 'सज्ञान' म्हणतात. शब्द मोठे बोलके आहेत. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने अठरा ही मर्यादा घातली. तेव्हा त्यात एक पळवाट होती. न्यायालयाने पालक नेमला असेल तर तोच माणूस एकविसाव्या वर्षापर्यंत अज्ञान राहात असे. १९९९ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. आज भारतात अधिवास असलेला प्रत्येक माणूस अठरा वर्षे पूर्ण होताच सज्ञान होतो. मुलगा असो की मुलगी, विवाहित असो की अविवाहित, त्यात फरक नाही. त्या दिवसापासून आईबापाचे कायदेशीर पालकत्व संपते. घर सोडण्यासाठी कुणाच्या सहीचा कागद लागत नाही, तहसीलदाराचा दाखला लागत नाही, पंचांची परवानगी लागत नाही.

हे आम्ही पदरचे सांगत नाही. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. कॉलेजात शिकणारी, अठराव्या वर्षाच्या अगदी जवळ आलेली मुलगी स्वतःच्या इच्छेने घराबाहेर पडली आणि ज्याच्यावर विश्वास होता त्याच्याकडे गेली. वडिलांनी पळवून नेल्याची फिर्याद केली. न्यायालयाने म्हटले की, नेणे वेगळे आणि स्वतःहून येणाऱ्याला सोबत करणे वेगळे. आरोपी सुटला. ७ जुलै २००६ रोजी लता सिंग खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले. सज्ञान स्त्रीने कुणाशीही लग्न करावे. आईबापांना पसंत नसेल तर त्यांनी फार तर संबंध तोडावेत. धमकी, मारहाण, खोटे गुन्हे यांचा त्यांना अधिकार नाही. आंतरजातीय विवाह राष्ट्रहिताचे आहेत, असेही त्याच निकालात आहे.

२०१८ हे वर्ष तर या बाबतीत मैलाचा दगड ठरावे असे आहे. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे आईबापांच्या भांडणात सापडलेली एक मुलगी आली. तिला अठरा वर्षे पूर्ण झाली होती आणि तिला वडिलांकडे परदेशात राहून शिकायचे होते. आईच्या मायेपोटी किंवा बापाच्या अहंकारापोटी न्यायालयाने पालकांचेही पालक बनू नये, मुलगी सज्ञान आहे, तिची इच्छा हाच निर्णय, असे न्यायालय म्हणाले. ८ मार्चला हादिया प्रकरणाचा निकाल लागला. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या, विशी ओलांडलेल्या या तरुणीचे लग्न केरळ उच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द करून तिला आईबापांच्या ताब्यात दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते लग्न पुन्हा कायम केले. त्याच वर्षी नंदकुमार खटल्यात तर नवऱ्या मुलाचे वय एकवीसपेक्षा कमी होते. लग्नाला ते कमी पडते; पण दोघेही सज्ञान आहेत, त्यांना एकत्र राहण्यापासून कुणी रोखू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. कायदा इतका स्वच्छ असताना अठरा वर्षांची पोर दाराशीच का अडते?

वय आणि जात

याचे उत्तर बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजीच देऊन ठेवले आहे. कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी दाखवून दिले की, जातीचा प्राण जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी धर्माच्या नावाने चालत असल्या, तरी त्या जातीचे कुंपण शाबूत ठेवण्यासाठी जन्माला आल्या. हे सूत्र हाती धरले की वयाचा सगळा इतिहास उलगडतो. मुलीला पसंती-नापसंती कळू लागण्याच्या आत तिचे लग्न उरकून टाकले की ती जातीबाहेर जाण्याचा प्रश्नच उरत नाही. 'अज्ञान' असतानाच निकाल लावायचा! मनुस्मृतीने स्त्रीला बापाच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या स्वाधीन केले. म्हणजे तिच्यासाठी सज्ञान होण्याचे वयच ठेवले नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी जाळली, ती हीच व्यवस्था होती.

म्हणून या देशात वयाची मर्यादा एका वर्षाने वाढवायची म्हटली तरी सनातन्यांच्या पोटात गोळा उठला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठे झाल्यावर नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली खटला उभा राहिला. १८८७ साली न्यायालयाने सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. १९ मार्च १८९१ ला संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून अवघे बारावर आले. त्या बारा वर्षांनाही टिळकांनी आणि 'केसरी'ने कडाडून विरोध केला. यानंतर महिनाही उलटला नाही तोच १४ एप्रिलला महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. पुढे खुद्द त्यांचे आणि माता रमाईंचे लग्न त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कोवळ्या वयातच लागले. ज्या वयात कुणी काही विचारत नाही, ते वय काय असते हे बाबासाहेबांनी भोगून पाहिले होते.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा झाले, १९४९ साली पंधरा आणि १९७८ साली अठरा. कायद्याला दहावरून अठरावर यायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. आणि तरीही चोरवाट उरलीच. २०१३ पासून संमतीचे वय अठरा झाले. पण पंधरा ते अठरा वयाच्या मुलीच्या नवऱ्याला दंडविधानात सूट होती. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या पसंतीने कुणासोबत गेली तर तो मुलगा गुन्हेगार, आणि तिच्याच वयाच्या मुलीचे जातभाईंनी लग्न लावून दिले तर तो नवरा निर्दोष! ही सूट सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ ला काढून टाकली. कायद्याला वयापेक्षा जातीची संमती मोठी वाटत होती, याचा आणखी काय पुरावा हवा?

अठराचे पुन्हा एकवीस

आता उघडपणे बालविवाहाचे समर्थन कुणी करत नाही. आता खटपट दुसरी आहे. सज्ञान झालेल्यांना पुन्हा अज्ञान कसे करता येईल, याची. मुलगी घरातून निघाली की पोलीस ठाण्यात पळवून नेल्याची फिर्याद पडते आणि जन्मतारीख बदललेला दाखला हजर होतो. विशेष विवाह कायद्याने १९५४ साली जातिधर्माबाहेरच्या लग्नाची वाट मोकळी केली. पण तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या भिंतीवर लावण्याची अटही ठेवली. ज्यांना जिवाची भीती आहे त्यांचे नाव, पत्ता महिनाभर भिंतीवर! अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही जाहीर नोटीस जोडप्याच्या इच्छेवर सोडली. पण कायद्याच्या पुस्तकातून ती गेलेली नाही. २०२३ साली गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी पाटीदार समाजाच्या कार्यक्रमात सांगितले की, प्रेमविवाहाला आईबापांची संमती सक्तीची करता येईल का, याचा अभ्यास करू. उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यात लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना नोंदणी सक्तीची आहे, आणि दोघांपैकी कुणी एकवीसपेक्षा लहान असेल तर नोंदणी अधिकारी आईबापांना कळवणार आहे. मताला अठरा पुरतात, मनाला पुरत नाहीत.

आपला महाराष्ट्र पुरोगामी म्हणवतो. इथेही १३ डिसेंबर २०२२ ला आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली गेली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' ठेवला. सज्ञान स्त्रीपुरुषांनी कुणाशी संसार मांडला याची चौकशी सरकारने का करावी, हा प्रश्न तसाच राहिला.

कागदावरच्या या गोष्टींचे गावात काय होते ते आपण पाहिले आहे. १ जानेवारी २०१३ ला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोनईत मेहतर समाजाचे तीन तरुण मारून टाकले गेले. कारण काय, तर वरच्या मानल्या गेलेल्या जातीच्या मुलीशी प्रेम. २८ एप्रिल २०१४ ला त्याच जिल्ह्यातील खर्ड्यात सतरा वर्षांच्या शाळकरी पोराला जिवे मारले, का तर मुलीशी बोलल्याचा संशय. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले. तो मुलगा अठराचा व्हायच्या आत संपवला गेला. जातीला वयाची घाई असते.

ज्यांना घर सोडावेच लागते

मात्र घर सोडणे म्हणजे फक्त प्रेमविवाह, असे समजण्याची चूक आपण करू नये. आपल्या समाजातली आणि एकूण कष्टकरी बहुजनांतली बहुतेक पोरे घर सोडतात ती पोटासाठी. मराठवाड्यातला ऊसतोड मजूर पाहा. मुकादम उचल देतो ती एकट्यादुकट्याला नाही, 'कोयत्या'ला देतो. आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. पोराचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो, उचल वाढते. मुलगी वयात आली, तिला पालावर नेणे धोक्याचे, गावात एकटी ठेवणे धोक्याचे. मग चौदा-पंधराव्या वर्षी तिला उजवून टाकतात. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात जवळपास २२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. परभणी आणि बीड या जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. या मुलींनी घर सोडले, पण स्वतःच्या पायाने नाही. एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवल्या गेल्या. 'अठरा वर्षांनंतर तू स्वतंत्र' हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचते तेव्हा त्यांच्या कडेवर मूल असते.

दुसरी टोकाची गोष्ट बालगृहातल्या मुलांची. त्यांना अठरावा वाढदिवस म्हणजे सुटका नसते, निरोप असतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलांना एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे राहण्या-शिकण्याच्या आधाराची तरतूद आहे. पण ही तरतूद आहे हे किती मुलांना सांगितले जाते? एका पोराला घर सोडू देत नाहीत, दुसऱ्याला घरच नाही. अठरा हा आकडा दोघांना सारखा; अर्थ मात्र वेगळा.

बापाच्या दाखल्यावरचे स्वातंत्र्य

इथे खरी मेख आहे. कायद्याने सज्ञान झालेल्या आपल्या पोराला उभे राहायला जागा लागते. खोली लागते, मेस लागते, फी लागते. श्रीमंताच्या पोराला घर सोडण्याची भीती नसते, कारण त्याच्या खिशात बापाचे पैसे असतात. आपल्या पोराच्या खिशात बापाचा उत्पन्नाचा दाखला असतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी आईबापांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. जातीचा दाखला काढायचा तर बापाकडची, आजोबाकडची कागदपत्रे. जात पडताळणीला पुन्हा तीच. भांडून घर सोडलेल्या मुलीने हे कागद कुठून आणायचे? बापाने एक लोखंडी पेटी कुलूपबंद केली की तिचे कॉलेज बंद! आंतरजातीय घरातल्या मुलांची गत तर आणखी वाईट. २०१२ साली रमेशभाई नायका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुलाची जात डोळे मिटून बापाची धरता येणार नाही. ते मूल कुणाच्या घरात वाढले, कुणाचे चटके त्याने सोसले हे पाहिले पाहिजे. तरी कार्यालयाच्या खिडकीवर पहिला प्रश्न 'वडिलांचा दाखला कुठाय?' हाच असतो.

रोहित वेमुलाचे उदाहरण डोळ्यांसमोर आणा. दलित आईने वाढवलेला पोरगा शिकण्यासाठी घर सोडून हैदराबाद विद्यापीठात आला. वसतिगृह हेच त्याचे घर होते. त्यातून त्याला बाहेर काढले. फेलोशिपचे पैसे थकलेले होते. १७ जानेवारी २०१६ ला त्याने जीव दिला. आणि तो गेल्यावर व्यवस्थेने काय शोधले? तर त्याच्या बापाची जात!

म्हणूनच आपल्या पूर्वजांनी वसतिगृहाला शाळेइतकेच महत्त्व दिले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहे उभी केली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात तिचे वसतिगृह सुरू झाले. १९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेल्या या महाविद्यालयाच्या नागसेनवनातही पोरांच्या राहण्याची सोय होती. खेड्यातला पोरगा गावकीच्या कचाट्यातून सुटून चार वर्षे स्वतःच्या हिमतीवर राहिला की तो पुन्हा पाटलाच्या वाड्यापुढे वाकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. वसतिगृह म्हणजे सज्ञान होण्याची शाळा.

आजची परिस्थिती काय? सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी योजना सुरू झाली तेव्हा वर्षाला साठ हजार रुपये ठरले. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, पाच हजारांत महिन्याची खोली, मेस आणि वह्यापुस्तके भागतात का? आणि हे पैसे वेळेवर येतात का? वर्ष संपत आले तरी हप्ता येत नाही, घरमालक दारात उभा राहतो, आणि पोरगा बॅग भरून गावी परततो. त्याला कुणी घरी डांबले नाही. त्याला उशिरा आलेल्या हप्त्याने डांबले.

आपल्या घरातला उंबरठा

आता थोडे आपल्या घरातही पाहू. मनुवाद फक्त दुसऱ्यांच्या वाड्यात राहतो, या समजुतीत आपण राहू नये. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, दारात निळा झेंडा आहे, आणि आत मुलीला 'बारावी झाली, बास झालं' असे सांगितले जाते. मुलगा पुण्याला जातो, मुलगी तालुक्याला जाते. आणि तालुका लांब असेल तर कुठेच जात नाही. पोटजातीबाहेरचे स्थळ आले की क्रांतीची भाषा करणारे घर गप्प होते. २० जुलै १९४२ ला नागपुरात हजारो स्त्रियांपुढे बाबासाहेबांनी काय सांगितले होते? मुलांच्या लग्नाची घाई करू नका. लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची ऐपत आल्याशिवाय कुणावर लादू नका. बायकोने नवऱ्याची गुलाम न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे. १९३६ साली त्यांनी जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवले. हे विवाह कोण करणार? सज्ञान मुलेमुलीच करणार. त्यांना घराच्या आत सज्ञान होऊ दिले नाही तर भाषणात जात मोडून उपयोग काय?

आईबापांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या बापाने हमाली करून पोर शिकवली, ज्या आईने चार घरची भांडी घासून फी भरली, त्यांना पोर दूर गेले की काळजात धस्स होते. शहरात जातीचा प्रश्न संपत नाही. खोली देताना घरमालक आडनाव विचारतो. रस्त्यावर मुलीला धोका आहे, सोनई आणि खर्डा झालेले आहे. ही भीती रास्त आहे. पण भीतीवर दोन उपाय असतात : एक दार लावून घेणे आणि दुसरा बाहेर संरक्षण उभे करणे. पहिला उपाय त्यांचा, दुसरा बाबासाहेबांचा. घर सोडणे म्हणजे आईबापांना सोडणे नव्हे. १९१३ साली बावीस वर्षांचे भीमराव घर सोडून अमेरिकेला गेले नसते तर आज कुणाच्या घरात काय असते, याचा विचार करावा.

पोरांनाही दोन गोष्टी रोखठोक सांगितल्या पाहिजेत. अठराच्या आत कायदा संमती ओळखत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने 'मी स्वखुशीने गेले' म्हटले तरी सोबतचा पोरगा आरोपी होतो. आणि तो आपल्या वस्तीतला असेल तर मुलीच्या घरचे हा कायदा हत्यारासारखा वापरतात. थोडा दम धरल्याने प्रेम आटत नाही. पण गुन्हा दाखल झाला तर सरकारी नोकरीचे स्वप्न तिथेच संपते. दुसरी गोष्ट : घरात मारहाण असेल, बळजबरीने लग्न लावले जात असेल, तर अठराच्या आतली मुलगीही असहाय नाही. १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो, बालकल्याण समितीपुढे जाता येते. सज्ञान स्त्रीसाठी १८१ आणि तातडीला ११२ आहे. अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार यांच्या प्रती प्रत्येक मुलामुलीने अठराव्या वर्षाआधीच स्वतःजवळ ठेवाव्यात. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर अठरानंतरही तिचा बापावरचा पोटगीचा हक्क १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने राखला आहे आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आहे. मुलींना हे कुणी सांगत नाही.

मागणी कुणाकडे?

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक आणि समाजकल्याण अधिकारी यांचा विशेष कक्ष करण्यास आणि जोडप्यांसाठी सुरक्षित घरे उभारण्याचा विचार करण्यास सांगितले होते. आपल्या जिल्ह्यात हा कक्ष कुठे आहे, त्याचा फोन कुणी उचलतो का, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे आणि नसेल तर निवेदन न देता ठिय्या द्यावा. तीस दिवसांची जाहीर नोटीस रद्द झाली पाहिजे. स्वाधारचा पैसा सत्राच्या सुरुवातीला मिळाला पाहिजे. सज्ञान विद्यार्थ्याला घरचे कागद मिळत नसतील तर चौकशी करून त्याच्या स्वतःच्या परिस्थितीवर दाखला देण्याची सोय झाली पाहिजे. आंतरजातीय विवाहाला पन्नास हजारांचे अनुदान देऊन सरकार मोकळे होते. पण ते हाती पडेपर्यंत जोडपे जिवंत कुठे राहायचे, हे सांगत नाही.

आणि चळवळीकडेही मागणी आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी आपले विहार आहे. वर्षाचे किती दिवस ते बंद असते? जयंतीला डीजेवर जो पैसा जातो त्यातला थोडा बाजूला काढला तर विहाराशेजारी मुलींसाठी चार खोल्या बांधून होतात, एक महिला कार्यकर्ती तिथे राहू शकते. खेड्यातून आलेली अठरा वर्षांची पोर पहिल्या रात्री कुठे उतरणार, या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याकडे नाही. नातेवाईक असेल तर नातेवाईक, नाहीतर एसटी स्टँड. ज्या दिवशी तिच्या आईला 'तिथे आपल्या माणसांची खोली आहे' असे खात्रीने सांगता येईल, त्या दिवशी निम्म्या घरांचे दार आपोआप उघडेल.

बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला तेव्हा अडाण्यांना मताचे काय कळते, असे विचारणारे कमी नव्हते. आज तोच सवाल अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या आयुष्याबद्दल विचारला जातो. तेव्हा त्या सवालाला बाबासाहेबांनी संविधानाच्या ३२६ व्या कलमाने उत्तर दिले. आताचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे. आणि ते येत्या जूनमध्ये, कॉलेजचे प्रवेश सुरू होतील तेव्हा, आपापल्या घराच्या दारातच द्यावे लागेल.